अकरा अंशांची दुरुस्ती

२ जानेवारी, गुरुवार. प्रातःकाळ.

मठात धनुर्मासाच्या हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, प्रसाद घेऊन आत्ताच परतलो. स्वामीजींनी स्वमुखाने आज्ञा केली की पाठशाळेची नवी इमारत तुमच्या देखरेखीखाली उभी राहू दे. ज्या पाठशाळेत मी संध्या शिकलो, तिचा मुख्य अभियंता मी. आयुष्यात यापुढे मागण्यासारखे काही उरले नाही.

एकच किल्मिष आहे. दुबईत उपाहारगृहे चालवणारे देणगीदार म्हणतात की संपूर्ण इमारत आधी संगणकात बांधून दाखवा. खांब, तुळया, सळया, नळ, सर्व. त्यानंतरच जमिनीस कुदळ लागेल. मठाचे दिवाण ऐताळ यांनी हे सांगताना चेहरा अत्यंत विनम्र ठेवला होता. मला म्हणाले, केदिलायरे, माघ शुद्ध त्रयोदशीला शिलान्यास. तोवर तुम्हाला ते मॉडेल जमलं तर काम तुमचंच. नाही जमलं तर तुमच्या सूनबाई आहेतच की, घरातल्या घरात राहील.

घरातल्या घरात. जणू पाठशाळा म्हणजे लोणच्याची बरणी.

संकल्प: ते सॉफ्टवेअर आठवड्याभरात आत्मसात करणे. ज्याने बालपणीच व्याकरणाची सूत्रे मुखोद्गत केली, त्यास हे अवघड जाण्याचे कारण दिसत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार.

मणिपाळात मैत्रेयीच्या कार्यालयात गेलो. मैत्रेयी ही माझी सून. मुलगा मस्कतला, कार्यालय तीच चालवते. मी सुनेच्या हाताखाली शिकणार नसून सुनेच्या शेजारी बसून शिकणार आहे, हे प्रारंभीच स्पष्ट केले. तिने शेजारी खुर्ची दिली. खुर्ची फिरते. जे आसन स्वतः स्थिर नाही त्यावर बसून ही मंडळी स्थापत्य करतात.

कागदी पेल्यातून कॉफी पितात. पायांत जोडे तसेच. पलीकडचा प्रज्वल नावाचा तरुण कानांत बोंडे घालून मान हलवीत होता व मान हलवता हलवता खांब उभे करीत होता. अंगावर काटा आला.

मैत्रेयी म्हणाली, मामा, हे नुसतं चित्र नाही. इथला प्रत्येक खांब स्वतःची सगळी माहिती बाळगून असतो. उंची, जाडी, सळया, वजन. एके ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं.

आमच्या काळी खांब भार वाहत असे. त्यास त्याची माहिती देण्याची कोणास आवश्यकता वाटली नाही. तरी ते खांब उभे आहेत. बहुतेक.

६ जानेवारी, सोमवार.

आज पहिला स्तंभ उभारला. विघ्नहर्त्याचे स्मरण करून क्लिक केले. स्तंभ दिसेना. पुन्हा केले. पुन्हा दिसेना. श्रद्धा न सोडता करीत राहिलो.

काही वेळाने मैत्रेयीने दुसरी खिडकी उघडून दाखवली. सर्व स्तंभ उभे होते. एकाच जागी, एकात एक. म्हणाली, मामा, तुम्ही बघत होतात तळमजल्यावर आणि बांधत होतात गच्चीवर. गच्ची अद्याप अस्तित्वातच नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणले. म्हणाली, तेच म्हणतेय मी.

घरी पत्नीस, म्हणजे वारिजेस, सांगितले की स्तंभांचे काम झाले. तिने विचारले, किती झाले? अगणित, असे उत्तर दिले. यात असत्य काहीही नाही.

१० जानेवारी, शुक्रवार. वैकुंठ एकादशी.

निर्जळी उपवास. उपवासाने चित्त एकाग्र होते. म्हणून स्तंभांच्या परीक्षणास आजचाच दिवस निवडला.

ती फाईल सर्वांची सामायिक असते. जो ज्या भागावर काम करतो तो भाग तेवढा वेळ त्याच्या नावावर राहतो. इतरांस त्यास हात लावता येत नाही. संपूर्ण सॉफ्टवेअरात ही एकच व्यवस्था मला सोवळ्याची वाटली. सर्व स्तंभ, सर्व तुळया आणि सर्व पाया माझ्या नावावर करून घेतला व चिंतन करण्यासाठी घरी येऊन पडलो.

अपराह्णी मैत्रेयीचा दूरध्वनी. मामा, सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसलंय. कुणाला एक खांब हलवता येत नाही. जिथं बघावं तिथं तुमचंच नाव येतंय. हे ऐकून क्षणभर समाधान वाटले, हे नाकारत नाही. ती म्हणाली, तुम्ही सोडा तरी, नाहीतर मला तोडावं लागेल.

सोडावयाचे कसे, हे मला कोणी सांगितले नव्हते. परिग्रह सोडणे दुष्कर, असे सर्व आचार्य सांगत आले. पण त्यासाठी कोणते बटण, याविषयी ते मौन बाळगतात.

सायंकाळी अर्धा पेला कॉफी घेतली. औषध म्हणून. डोके संगणकामुळे दुखत होते. तेव्हा एकादशी मोडल्याचा दोष संगणकाकडे.

१४ जानेवारी, मंगळवार. मकरसंक्रमण.

उत्तरायण लागले. नवा संकल्प. आधीचा दक्षिणायनात केला होता. तो फळणे शक्यच नव्हते.

ऐताळ घरी आले. विचारू लागले, कुठवर आलंय आपलं? पाया चालू आहे, असे मी सांगितले. म्हणाले, असं? सूनबाई तर काल म्हणत होत्या दुसरा मजला झाला. तो तिचा मजला, असे मी म्हणालो. ऐताळांनी नीरदोसे संपवीपर्यंत पुढे काही विचारले नाही. मात्र वारिजेकडे पाहून जे हसले ते मी पाहिले. मला या मनुष्याच्या हसण्याचा पहिल्यापासून तिटकारा आहे. ओठ न उघडता हसतो.

१७ जानेवारी, शुक्रवार.

आजचा प्रकार ओंगळ. हे सॉफ्टवेअर इमारतीतले तंटे आपण होऊन शोधते. कोठे नळ तुळईत घुसतो, कोठे सळईस सळई भिडते, ते सर्व एकाखाली एक पडद्यावर मांडते. पहिल्याच ओळीत वेदाध्ययनकक्षाच्या तुळईतून शौचालयाचा नळ आरपार गेलेला. मी बांधकाम खात्यात असताना असली गोष्ट कागदावर आलीच नसती. इमारतीत आली असती; कागदावर नाही.

प्रत्येक तंट्यापुढे निर्णय लिहिण्याची सोय आहे. 'मंजूर' हा शब्द दिसताच हातास जुने वळण आठवले. एकामागून एक सर्व मंजूर केले. पडदा स्वच्छ झाला. इतक्या दिवसांत प्रथमच वाटले की या यंत्राने माझ्यातील अधिकारी ओळखला.

मैत्रेयीने येऊन पडदा पाहिला. म्हणाली, मामा, मंजूर म्हणजे भांडण मिटलं असं नाही. भांडण आपल्याला पसंत आहे, असं झालं. मी विचारले, मग तो नळ? म्हणाली, नळ आहे तिथंच आहे. आता फक्त तुमच्या आशीर्वादानं आहे.

सूनबाईंची वाणी अलीकडे तिखट झाली आहे. घरी तशी नसते. कृत्रिम थंडीचा परिणाम असावा.

२० जानेवारी, सोमवार.

देणगीदारांस दाखवण्यासाठी इमारतीत फिरून आल्याचा देखावा केला आहे. तो मला दाखवण्यात आला. न दाखवला असता तर बरे होते. सॉफ्टवेअर रिकाम्या खोल्यांत आपल्या संग्रहातील माणसे आणून उभी करते. होमशाळेत एक मनुष्य तोकडी विजार घालून, हातात पिशवी घेऊन चालला आहे. अग्निकुंडाजवळ एक गौरवर्णीय स्त्री. तिच्यासवे कुत्रा.

मी उठून बाहेर गेलो. परत येऊन स्पष्ट सांगितले की कुत्रा मान्य नाही. प्रज्वल म्हणाला, सर, कुत्रा काढतो, पण बाई त्याच्याबरोबरच येते. दोघांनाही काढण्याची आज्ञा दिली. विजार घातलेल्या गृहस्थास उपरणे देता येईल काय, असे विचारले. येत नाही. जगातील सर्व विद्या या पेटीत आहे म्हणतात, आणि एक उपरणे नाही.

वारिजेस हे सांगितले. ती म्हणाली, कुत्रा तरी शांत होता का? या घरात मला समजून घेणारे कोणी नाही.

२२ जानेवारी, बुधवार.

आज जे कळले त्यापुढे नळ आणि कुत्रा काहीच नव्हेत. पाठशाळा पूर्वाभिमुख नाही.

मैत्रेयीने हे सहज सांगितले. रस्त्याला समांतर बसवलीय ना मामा, त्यामुळे तोंड पूर्वेपासून अकरा अंश आग्नेयेकडे जातं. भाजीत मीठ किंचित अधिक पडले आहे, अशा स्वरात. मी विचारले, सूर्योपस्थान करणारी मुले अकरा अंश तिरपी उभी राहतील काय? म्हणाली, मुलं सरळ उभी राहतील, मामा, फक्त भिंत तिरपी असेल. जागा अरुंद आहे. दक्षिणेला मथायसबाईंचा मोगरा, उत्तरेला मठाचा गोठा. आणि स्वामीजींनी नकाशा बघितलाय. हो म्हणालेत.

स्वामीजी दयाळू आहेत. समोरच्याचे मन मोडवत नाही त्यांना. त्यांच्या होकारामागे जे मौन होते ते मैत्रेयीस ऐकू आले नाही. मला ते येथे बसून आले.

आता उलगडले की या कामासाठी माझीच योजना का झाली. सॉफ्टवेअर हे निमित्त होते.

संकल्प: वाद न घालता दुरुस्ती करणे.

२७ जानेवारी, सोमवार.

मैत्रेयी देणगीदारांच्या माणसांस भेटण्यासाठी बेंगळुरूस गेली. आठवडाभर येणार नाही. जाताना म्हणाली, मामा, शुक्रवारी पायाच्या खड्ड्यांचे बिंदू मोजणीवाल्या इम्तियाजला पाठवायचेत. तेवढं एक बटण दाबा, बाकी कशालाही हात लावू नका. मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली, हे पाहण्यास ती थांबली नाही.

सॉफ्टवेअरात खरी उत्तर दिशा फिरवण्याची सोय आहे. त्याअर्थी असे प्रसंग इतरत्रही येत असावेत. अकरा अंश लिहिले. यंत्राने विचारले की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवू, की उलट? प्रश्नाचा बाळबोधपणा पाहून कीव आली. देवकार्यात फेरा नेहमी उजवीकडून, प्रदक्षिणेचा. उलट फेरा कोठे घेतात हे ज्यास ठाऊक नाही त्याने एकदा स्मशानात जाऊन यावे. प्रदक्षिणेने फिरवली.

पडद्यावर तसूभर फरक दिसला नाही. इमारत होती तशीच सरळ. प्रज्वलास आडवळणाने विचारले. त्याने एका कानातील बोंड काढून सांगितले की पानावर चित्र नेहमी सरळच दिसतं सर, बदलतात ते जमिनीवरचे बिंदू. मी हे कशासाठी विचारतो, ते त्याने विचारले नाही. बोंड परत कानात गेले. या पिढीस कशाचीही जिज्ञासा नाही. या एका प्रसंगी ते सोयीचे ठरले.

खरे सत्कर्म असेच असते. डोळ्यांस दिसत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार.

बटण दाबले. कोणाच्याही साहाय्याविना. पहिल्याच प्रयत्नात.

१ फेब्रुवारी, शनिवार.

जमीन मोजणाऱ्या इम्तियाजचा सकाळीच दूरध्वनी. याच्या हाती यंत्र, यंत्रात मॉडेलमधून आलेले बिंदू. यंत्र सांगेल तेथे हा खुंटी मारतो आणि मागून जेसीबी खणत येतो. म्हणाला, सर, दोन खड्डे कुंपणापलीकडे जातायत, मथायसबाईंच्या मोगऱ्यात. नीट आहे ना हे?

मॉडेलमध्ये आहे तेच खण, असे सांगितले. म्हणाला, मागच्या आठवड्यात तर तुम्हीच मॉडेलला भुताटकी म्हणत होतात. ते आता शुद्ध झाले आहे, असे सांगितले. म्हणाला, बाई घरी नाहीयेत, मंगळूरला लेकीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेल्यात. थांबून विचारतो ना त्यांना.

शिलान्यास दाराशी आला असता थांबणे शक्य नाही, हे त्यास पटवून दिले. शिवाय मठाने ती पट्टी विकत घेतली असलीच पाहिजे. अन्यथा मॉडेलने तेथे खड्डा दाखवला असता कशाला?

म्हणाला, तुम्ही म्हणता तर खणतो, सर. तुमचं नाव सांगेन. अवश्य सांग, असे म्हणालो.

३ फेब्रुवारी, सोमवार.

आज मठातील जनार्दनाच्या मूर्तीच्या गळ्यात मोगरा नव्हता.

मठाचे हार पिढ्यान्‌पिढ्या मथायसबाईंच्या मळ्यातून येतात, हे मला ठाऊक होते. जेसीबीस नव्हते. बाई काल परतल्या. आज कुंपणाशी माझी वाटच पाहत होत्या. म्हणाल्या, या साहेब, बघून घ्या. सासूनं लावलेली झाडं होती. चर्चला जायच्या आधी देवाची फुलं खुडायची, मग बाकीचं, असा आमच्या घरचा नेम. आता एवढे चांगले खड्डे दिलेत, त्यांचाच हार करून घाला तुमच्या देवाला.

मी शांतपणे त्यांना पूर्व दिशेचे माहात्म्य सांगितले. त्यांनी ते अखेरपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, तुमची पूर्व माझ्या मोगऱ्यातनं जाते, हे इतकी वर्षं तुमच्या मठाला कसं कळलं नाही? प्रश्न विचारण्याची रीत सभ्य नव्हती.

सायंकाळी मैत्रेयी स्थानकावरून थेट कार्यालयात आली. फाईल उघडली. माझ्याकडे पाहिले. पुन्हा फाईलीकडे पाहिले. कागदावर एक बाण काढला, खोडला. शेवटी म्हणाली, मामा, तुम्ही दिशा बदललीत. मी म्हणालो, सुधारली. ती म्हणाली, हं.

त्या हुंकारात मी पश्चात्ताप ओळखला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी.

सूर्यनारायणाचा दिवस. याच दिवशी स्वामीजींसमोर बैठक असावी, हा शुभसंकेत होता.

मैत्रेयीने निवेदन केले. म्हणाली, मामांना मुलांच्या सूर्योपस्थानासाठी खरी पूर्व साधायची होती. हेतू शास्त्राचाच होता. बिंदू तपासल्याशिवाय बाहेर गेले, ती चूक माझ्या ऑफिसची. मथायसबाईंचं नुकसान आम्ही भरून देऊ. ऐताळ ओठ न उघडता हसत होते. मग उघडले. म्हणाले, केदिलायरे, पूर्व साधलीत, शेजार घालवलात.

स्वामीजींनी डोळे मिटले होते. ते स्वतः काल मथायसबाईंच्या अंगणात जाऊन आले, असे नंतर कळले. म्हणाले, केदिलाय, तुमची तळमळ मोठी आहे. पण एवढ्या तळमळीवर इमारत उभी राहील की बसेल, ते मला सांगता येत नाही. मैत्रेयी, हे काम आता तू बघ.

मला मंत्राक्षता दिल्या. नेहमीपेक्षा अधिक. ओंजळ भरली.

वारिजा घरी म्हणाली, झालं ते झालं, जेवून घ्या. जेवलो नाही. नंतर जेवलो. अळूचे पत्रोडे होते.

१० फेब्रुवारी, सोमवार. शिलान्यास.

झाला. तिरपा. अकरा अंश तिरपा. मठाच्या जागेतील माझे खड्डे रातोरात बुजवून जुन्या रेषेवर नवे घेतले. मैत्रेयीने पहिली थापी दिली. वैदिकांनी मंत्र म्हटले. त्यांपैकी एकासही दिशेची लाज वाटली नाही. मी मागे उभा होतो, जेथे लोक जोडे काढतात. मागून दिशा अधिक स्पष्ट दिसते.

आणि तेथे उभा असतानाच ते सुचले. मथायसबाईंच्या मळ्यातील दोन खड्डे अद्याप तसेच आहेत. ते दोन्ही माझ्या रेषेवर आहेत. विषुवदिनी सूर्य नेमका पूर्वेस उगवतो. त्या दिवशी एका खड्ड्यातून दुसऱ्याकडे पाहिले असता समोर सूर्यबिंब येईल. यास सॉफ्टवेअर लागत नाही. मोजणारा आकाशात आहे. काम तोवर जोत्याच्याही खाली असेल. सुधारणा शक्य आहे. आणि सुधारणा करण्यासाठी माणूस लागेल.

पद गेले. महिनाभरासाठी.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

मथायसबाईंस विनंती केली की विषुवापर्यंत खड्डे बुजवू नयेत. नंतर मी स्वतः बुजवून देईन. म्हणाल्या, का, तुमचा मान गाडून ठेवलाय काय त्यात? मग म्हणाल्या, ठेवा. स्वामीजी येऊन हात जोडून गेले, म्हणून ठेवू देते. पण माझी कोंबडी आत पडली तर तुम्हीच उतरायचं. कबूल केले. कोंबडी इतकी मूढ नसते.

२३ फेब्रुवारी, रविवार.

पडली. उतरलो. दोनदा स्नान.

१५ मार्च, शनिवार.

ऐताळांस विषुवदिनाचे रीतसर निमंत्रण दिले. ते येणार. म्हणाले, सूर्य तुमच्या बाजूनं उगवला, केदिलायरे, तर स्वामीजींना मी स्वतः सांगेन की काम परत तुमच्याकडे द्या. माझा शब्द. या मनुष्याविषयी पूर्वी जे लिहिले ते थोडे घाईचे होते.

सायंकाळी मैत्रेयी देवघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, मामा, हे नका करू. ते खड्डे मी उद्याच्या उद्या भरून देते. झालं ते चांगल्या हेतूनं झालं, एवढंच सगळ्यांनी लक्षात ठेवलंय. तेवढंच राहू द्या ना. मी विचारले, तुला कशाची भीती वाटते? म्हणाली, माझ्यासाठी नाही वाटत.

बिचारी. हाती आलेले काम जाणार म्हटल्यावर कोणीही असेच बोलेल. तिला आश्वासन दिले की काम परत आले तरी मी तिला दूर करणार नाही. सहायक म्हणून ठेवीन. ती आत गेली. वारिजा सांगते की स्वयंपाकघरात जाऊन ती भिंतीशी नुसतीच उभी होती. आनंद पचवण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते.

१९ मार्च, बुधवार.

दोन काठ्या, काथ्याची दोरी, पंचांग. सर्व सिद्ध आहे. दोन दिवस सकाळी ढग येत आहेत. किनाऱ्याच्या या दमट हवेचा उबग आला आहे. आकाश निरभ्र असावे, एवढीच प्रार्थना. नामावळीची जादा आवर्तने केली.

२० मार्च, गुरुवार.

आकाश निरभ्र होते.

ऐताळ वेळेवर आले. इम्तियाज न बोलावता आला, यंत्राशिवाय. मैत्रेयीने गाडी चालवली. मथायसबाई उंबऱ्यावर फुले ओवीत बसल्या होत्या. राहिलेल्या झाडांनी पुन्हा फुले धरली आहेत.

दोन खड्ड्यांत दोन काठ्या रोवल्या, मध्ये दोरी ताणली. मी पश्चिमेच्या काठीमागे उभा राहिलो. दोरीच्या टोकास समोर एक माड होता. त्यावर दृष्टी ठेवली. उजेड वाढला. माडावर काही उगवले नाही. पायांवर ऊन आले तेव्हा मान वळवली.

सूर्य डावीकडे गोठ्याच्या छपरावर चढलेला होता. किंचित डावीकडे नव्हे. पुष्कळ.

मी काठ्या पाहिल्या. दोरी पाहिली. पंचांग उघडून तारीख पाहिली. अयनांशाचाही विचार केला.

ऐताळ हळू आवाजात म्हणाले, केदिलायरे, आधी अकरा होतं ना? हे त्याच्या दुप्पट दिसतंय. म्हणजे आग्नेयेकडे कललेली इमारत तुम्ही आणखी आग्नेयेकडेच... कशी फिरवलीत तुम्ही? मी म्हणालो, प्रदक्षिणेने. त्यांनी मान डोलावली. हसले नाहीत. उलट फेरा घेतला असता तर खड्डे मठाच्या गोठ्यात गेले असते, दोरीच्या टोकावर सूर्य आला असता, आणि मोगऱ्याचे पानही हलले नसते. हे कोणी बोलून दाखवले नाही. सर्वजण गोठ्याकडे पाहत होते.

मैत्रेयी सूर्याकडे पाहत नव्हती. तिला हे फाईल उघडली त्याच सायंकाळी दिसले होते. स्वामीजींसमोर, ऐताळांसमोर, घरी वारिजेसमोरसुद्धा ती केवळ इतकेच म्हणाली होती की मामांना खरी पूर्व साधायची होती.

मथायसबाईंनी दोऱ्यास गाठ मारीत विचारले, काय साहेब, सूर्याला सांगायचं का जरा सरकायला? कोणी हसले नाही. इम्तियाजदेखील नाही.

मैत्रेयीने दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. म्हणाली, चला मामा, थर्मासात कषाय आणलाय, थोडा घ्या. मी म्हणालो, आधी खड्डे भरतो. इम्तियाजने फावडे दिले. मी ओढत होतो त्याहून अधिक माती तो ढकलत होता, पण माझ्या बाजूने.

आज कोणाचाही वीट आला नाही. वीट यावा असा जवळपास कोणी सापडला नाही.